पश्चिमेची भिंत

१

शिवबाईची किंकाळी दानेश्वरीला फाटकातच ऐकू आली आणि तिच्या हातातली नावांची यादी मातीत पडली.

गुरुवारची सकाळ, साडेआठची वेळ. चॅपेलच्या दारातून तीन मजूर बायका एकमेकींना ढकलत बाहेर आल्या. शेवटी शिवबाई. डोक्यावरची चुंबळ काढायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

"ताई, आत जाऊ नगा! भिंतीला रगात फुटलंय! भीमादाजीला खाल्लं बगा त्या भिंतीनं!"

"काहीतरीच बोलू नका," दानेश्वरी म्हणाली आणि यादी उचलून चॅपेलकडे निघाली.

आता हे चॅपेल म्हणजे काय ते आधी सांगतो. रेल्वे लाइनीच्या अलीकडे, काळ्या दगडाचं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं छोटं प्रार्थनाघर. प्लेगच्या साथीत इथं आजारी माणसं ठेवली होती, त्यातली पुष्कळ इथंच गेली. तेव्हापासून पश्चिमेच्या भिंतीबद्दल लोक हवं ते बोलत. गेली कितीतरी वर्षं तिथं प्रार्थना होत नव्हती. दानेश्वरीनं ते मागून घेतलं होतं कॅन्सरच्या पेशंटांसाठी. लाइटाचे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला मंद्रूप, सांगोल्याकडून माणसं येतात, शेक दहा मिनिटांचा आणि ताटकळणं दिवसभराचं. तिची आई नागम्मा दोन महिने हॉस्पिटलबाहेरच्या लिंबाखाली बसली होती. उलटी आली की पदर तोंडाला लावायची, आणि लघवीला जायला जागा नव्हती म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. आई गेली, पण तो लिंब दानेश्वरीच्या डोळ्यांपुढून गेला नाही. पेशंटांना टेकायला, बोलायला, रडायला हक्काची जागा हवी, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चर्चच्या ट्रस्टनं जागा दिली ती एका अटीवर. या रविवारपर्यंत केंद्र सुरू झालं नाही तर इमारत परत. परत गेली की पाडणार, हेही सगळ्या सोलापूरला ठाऊक होतं. रविवार तीन दिवसांवर आला होता.

ती आत गेली. आत गार होतं, आणि ओल्या चुन्याचा वास होता.

पश्चिमेच्या भिंतीवर, माथ्यावरच्या घंटेच्या खालपासून, एक लाल रेघ तिरपी उतरत आली होती. कुठं बोटाएवढी, कुठं तळहाताएवढी रुंद. मध्येच वळलेली, मध्येच फुटून दोन झालेली, पार फरशीपर्यंत. काही ठिकाणी ओघळ आले होते. रेघेच्या दोन्ही बाजूंना भिंत पिवळट दिसत होती आणि खाली फरशीवर पिवळी पूड सांडली होती, पण त्या पुडीकडे बघणार कोण? दानेश्वरीची नजर लालवरच खिळली.

आणि रेघेच्या बाजूला, उंच खिळ्याला बांधलेल्या दोरीवर, भीमा गवंड्याचा पितळी ओळंबा लोंबत होता. अगदी स्थिर.

भीमा काल दुपारी जेवून उठला, त्यानंतर कुणालाच दिसला नव्हता, आणि दुपारनंतर हॉलमध्येही कुणी फिरकलं नव्हतं. फोन बंद. थापी, रंधा, पिशवी, सगळं कोपऱ्यात तसंच पडलेलं.

शिवबाई दारातूनच बोलली, आवाज दाबून.

"गवंडी जित्ता असंल तर ओळंबा मागं ठिवून जात न्हाय, ताई."

२

दानेश्वरीनं पोलिसांना लावायला फोन काढला, तेवढ्यात मागून टाळी वाजली. एक, मग दोन.

विरुपाक्षकाका बाकावर बसले होते. कधी आले कुणास ठाऊक, या माणसाची चाहूल लागतच नसे. तीस वर्षं पोलिसात हवालदार, निवृत्त झाले त्याच वर्षी घशाचा कॅन्सर. ऑपरेशनात स्वरयंत्र काढलं. गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल आणि हातात शाळेतली पाटी, असा आता त्यांचा संसार. केंद्राचे पहिले स्वयंसेवक तेच.

पाटीवर खडू करकरला. "पोलीस आले की सील. मग रविवार गेला. मला दुपारपर्यंत वेळ दे."

"आणि काका, भीमाकाका त्या भिंतीत... म्हणजे खरंच काही झालं असेल तर?"

त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. "म्हणूनच घाई. तुला शेवटचं काय बोलला तो?"

दानेश्वरीनं मान वळवली. "काही नाही," ती म्हणाली.

हे खोटं होतं. मंगळवारी संध्याकाळी भीमा तिच्यामागून फाटकापर्यंत आला होता. "ताई, त्या भिंतीचं जरा सांगायचं हुतं," म्हणाला होता. तिच्या कानाला फोन होता, एका हातात मंडपवाल्याचा कागद. "भीमाकाका, रविवार होऊ द्या हो, मग निवांत बोलू," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. आता ते वाक्य तिला कानात ऐकू येत होतं, आणि कुणाला सांगायची छाती होत नव्हती.

काका भिंतीजवळ गेले. रेघेला नाक लावून वास घेतला. खालची पिवळी पूड चिमटीत घेतली, रुमालाच्या टोकात बांधली. ओळंब्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पाटी: "या भिंतीला गिलावा कधी केला?"

"केलाच नाही. बाकी तिन्ही भिंतींचा जुना गिलावा गेला होता, त्या भीमाकाकांनी चुन्यानं नव्या केल्या. ही भिंत मात्र जशीच्या तशी शाबूत. हिला हात लावायचा नाही असं ठरलंय."

"इथं शेवटचं काम?"

"सोमवारी. टॉयलेटचा पाइप न्यायला भिंतीच्या पायथ्याशी चर खणला, पाइप टाकला, फरशी परत बसवली. मीच मागं लागले होते, रविवारच्या आत टॉयलेट पाहिजे म्हणून."

काकांच्या भुवया वर गेल्या. फाटकाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, एवढंच विचारलं.

"तिघांकडे. इंजिनीअर शिवानंद, शिवणवर्गाच्या महेश्वरीबाई, आणि आपले आण्णा."

भिंतीवरचं ते लाल दिसू नये म्हणून दानेश्वरीनं पेशंटांसाठी आणलेल्या दोन चादरी वरच्या खिळ्यांना अडकवल्या. चादर लावताना तिचा हात त्या ओल्या जागेला लागला आणि ती शहारली. भिंत खरोखर ओली होती.

३

शिवानंद मोटरसायकलवरून आला तो चिडूनच.

"मॅडम, मी सोमवारी रात्रीपासून अकलूजला. कारखान्याच्या साइटवर चाळीस माणसं आहेत साक्षीला. आज पहाटे निघालो. रक्तबिक्त काही नसतंय. त्या म्हाताऱ्याचं माझ्याशी जमत नव्हतं, मी सिमेंट म्हणालो की तो चुना म्हणायचा. रागावून गेला असेल."

"हत्यारं टाकून?" पाटीनं विचारलं.

शिवानंदनं खांदे उडवले. पण चादरीमागं डोकवायला काही तो तयार झाला नाही, हे दानेश्वरीनं बघितलं.

महेश्वरीबाई तर बोलावल्याशिवायच आल्या. वीस वर्षं त्यांचा शिवणवर्ग या हॉलमध्ये चालायचा. केंद्रासाठी त्यांना मागच्या शेडमध्ये जावं लागलं, तो राग अजून ताजा होता. आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

दानेश्वरी एक पाऊल मागं सरली.

"काय बघते गं अशी? सूत रंगवतोय आम्ही. ऑर्डर आहे," महेश्वरीबाई म्हणाल्या. "भिंतीवर मी रंग ओतला म्हणायचंय का तुला? अगं, तुझ्यावर राग आहे माझा, आहेच. पण माझ्या जाऊबाईला याच रोगानं नेलं. तुझं केंद्र मोडून मला काय मिळणार गं?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "काल पहाटे मात्र इथं कुणीतरी होतं. मी शेड उघडायला आले, साडेपाचला. आतून खरडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं भीमा असेल."

"भीमाकाका साडेआठशिवाय येत नाहीत," दानेश्वरी म्हणाली.

शेवटी आण्णा. आण्णा म्हणजे चॅपेलचे राखणदार. अडुसष्ट वर्षांचे, कायम इस्त्रीचा सदरा. त्यांचा बाप्तिस्मा या चॅपेलात, लग्न इथं, बायकोची शेवटची प्रार्थनाही इथंच. प्रार्थना बंद पडल्या तरी रोज सकाळी सहाला आणि दुपारी बाराला घंटा वाजवायचे त्यांनी सोडलं नव्हतं. या केंद्रासाठी ट्रस्टच्या पायऱ्या दानेश्वरीपेक्षा त्यांनीच जास्त झिजवल्या होत्या.

"मुली, घाबरू नकोस," आण्णा म्हणाले. "प्रभूच्या घरात वाईट गोष्ट राहत नाही. त्या लाल डागावर मी स्वतः पांढरी सफेदी मारतो, अर्ध्या तासाचं काम. रविवार चुकवायचा नाही."

शिवबाईनं चहा आणला. आण्णांनी ग्लास खिशातल्या रुमालात धरला, तरी त्यांचा चेहरा वेदनेनं आक्रसला. दहाही बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या होत्या.

"काय झालं हो आण्णा?"

"स्टोव्हवर भाजलं. वय झालं आता."

काकांनी त्या पट्ट्या बघून घेतल्या. मग शिवबाईला खुणेनं बोलावून पाटीवर लिहिलं. "काल भीमाला शेवटचं कुठं बघितलंस?"

शिवबाईला वाचता येत नव्हतं. दानेश्वरीनं वाचून दाखवलं.

"चुन्याच्या टाक्यापाशी, जेवायच्या सुट्टीत. लई रडत हुता ओ काका. अन् बेलभंडारा उचलला हुता त्येनं, असा, तळहातावर." शिवबाईनं हात वर केला. "समोर कोन हुतं ते टाक्याच्या भिताडाआड दिसलं न्हाय. भंडारा उचलला म्हंजे काय खेळ हाय व्हय? बिरोबाची आन असती ती. मोडली तर निर्वंश हुतो म्हनत्यात. मी आपली गप माघारी फिरले."

विरुपाक्षकाकांचा खडू मधोमध मोडला.

४

"कुणाला तरी शब्द दिला त्यानं," काकांनी लिहिलं. "शपथ घालून तोंड बंद केलं."

"कशाबद्दल?"

काका तिला हाताला धरून आत घेऊन गेले. पावणेबारा होऊन गेले होते. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, पिवळी पूड दोन्ही तळहातांवर घेतली, बाटलीतलं पाणी टाकून चोळली. हात हळदीच्या नवरदेवासारखे झाले. मग पश्चिमेच्या भिंतीच्या एका कोपऱ्यात, जिथं जुना गिलावा होता, तिथं एक बोट ओढलं.

पिवळं.

मग दक्षिणेची भिंत, भीमानं मागच्या महिन्यात केलेली. तिथं बोट ओढलं. दानेश्वरीच्या डोळ्यांदेखत ती पिवळी रेघ आधी नारिंगी, मग लाल झाली. रक्तासारखी लाल.

तिनं तोंडावर हात ठेवला.

काकांनी ओल्या पिवळ्या बोटांनीच लिहिलं, पाटी माखली. "रक्त नाही. कुंकू. माझी आई मंद्रूपला जन्मभर करत होती. हळद आणि चुना."

"म्हणजे ही पूड..."

"भीमाचा भंडारा. सगळ्या भिंतीवर उधळलाय. जुन्या चुन्यावर पिवळा राहिला. ताज्या, ओल्या चुन्यावर लाल झाला."

"पण या भिंतीवर ताजा चुना कुठून येणार? हिला तर कुणी हातच..." दानेश्वरी मध्येच थांबली. तिनं पुढं होऊन एक चादर ओढून काढली. ती वाकडी, फाटे फुटलेली रेघ आता तिला वेगळीच दिसायला लागली. घंटेपासून फरशीपर्यंत. फरशीत संपत होती तिथंच खाली सोमवारी खणलेला चर होता.

"तडा," ती म्हणाली. "तडा गेलाय भिंतीला. आणि कुणीतरी तो चुन्यानं बुजवलाय."

काकांनी ओळंब्याकडे बोट केलं. वर खिळ्यापाशी दोरी भिंतीला चिकटलेली होती. खाली, पितळी गोळ्यापाशी, भिंत आणि गोळा यांच्यात काकांनी हात घातला. चार बोटं सहज गेली. भिंत सरळ असती तर गोळा भिंतीलगत राहिला असता. अख्खी भिंत डोक्याकडून आत झुकली होती, वर दोन मणांची घंटा घेऊन.

भीमा ओळंबा विसरून गेला नव्हता. बोलायची बंदी होती, लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं जाता जाता भिंतीलाच बोलायला लावलं होतं. आणि दानेश्वरीनं त्याच्यावर चादर टाकली होती.

"तो मंगळवारी माझ्याकडे आला होता, काका," ती रडत म्हणाली. "भिंतीचं सांगायचंय म्हणाला. मी त्याला रविवारनंतर ये म्हटलं. मी सकाळी तुमच्याशी खोटं बोलले."

काकांनी मान हलवली, रागानं नाही.

तेवढ्यात दारातून गलका आला. दानेश्वरीनं मागं वळून पाहिलं. खुर्च्या बसायला बऱ्या आहेत का बघायला तिनं बारा पेशंटांना आज साडेअकराला बोलावलं होतं. सकाळच्या भीतीत ते ती साफ विसरली होती. पुढं मथुराबाई, डोक्याला रुमाल बांधलेल्या, लेकाच्या खांद्यावर हात टाकून. मागोमाग बाकीचे. उन्हातून आलेली माणसं, सरळ हॉलच्या सर्वांत गार जागेकडे गेली आणि मांडलेल्या खुर्च्यांवर हुश्श करून बसली.

खुर्च्या पश्चिमेच्या भिंतीखाली मांडलेल्या होत्या. दानेश्वरीनंच मांडून घेतल्या होत्या.

विरुपाक्षकाकांनी तिच्यापुढं मनगट धरलं. घड्याळात बाराला एक मिनिट कमी होतं.

५

"उठा! बाहेर व्हा! सगळे बाहेर!" दानेश्वरी ओरडली. "मथुराबाई, उठा, पाया पडते तुमच्या!"

माणसं गोंधळून बघायला लागली. कॅन्सरचा माणूस चटकन उठत नाही, त्याच्या गुडघ्यात जोर नसतो. मथुराबाई तर हसून म्हणाल्या, "आगं पोरी, आत्ता टेकलो की."

काका पळाले. घंटेचा दोर बाहेर होता, भिंतीच्या पलीकडच्या ओट्यावर. त्यांना दिसलं, आण्णांनी दोन्ही हातांनी दोर धरलाय, मान वर, ओठ पुटपुटतायत. काकांनी तोंड उघडलं. तोंडातून नुसती हवा आली. माणसानं आयुष्यभर चोरांना दरडावलं आणि एका हाकेची वेळ आली तेव्हा हाक नव्हती. त्यांनी हातातली पाटी ओट्याच्या दगडावर आपटली. ठिकऱ्या उडाल्या. आण्णा दचकले, पण दोराला ओढ बसायला लागलीच होती. काकांनी झेप घेऊन आण्णांच्या हातांच्या वरच्या बाजूला दोर पकडला आणि खालची ओढ सगळ्या ताकदीनं अडवून धरली.

वर घंटा एकदाच कुरकुरली. वाजली नाही.

आत दानेश्वरीच्या खांद्यावर भिंतीतून माती पडली. मूठभर. ती मथुराबाईंना कवेत घेऊन दाराकडे ओढत होती. महेश्वरीबाई कुठून आल्या कळलं नाही, त्या एकेकाला दंडाला धरून बाहेर काढत होत्या. शिवानंदनं एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललं. शेवटचा पेशंट पायरी उतरला तेव्हा दानेश्वरीनं बोटांवर मोजलं. बारा. मग पुन्हा मोजलं.

ती धापा टाकत ओट्यापाशी आली. काकांनी दोर सोडला होता. आण्णा भिंतीला टेकून उभे होते.

काकांनी आपले दोन्ही तळहात तिच्यापुढं उघडले. मघाशी हळदीनं पिवळे झालेले हात. तळव्यांवर, दोराच्या पिळाच्या खुणांसकट, लाल पट्टे उमटले होते. आणि पांढऱ्या दोरावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, पंजाएवढी जागा कुंकवानं माखल्यासारखी लाल झाली होती.

कुणी काही लिहायची गरज उरली नाही. चुन्याचे हात या दोराला लागले होते. आणि हा दोर एकच माणूस ओढत होता.

"आण्णा," दानेश्वरी कशीबशी म्हणाली, "ती बोटं स्टोव्हवर नाही भाजली."

आण्णांनी चिकटपट्ट्या लावलेले हात पाठीमागं नेले आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

६

भीमाला मंगळवारी त्या नव्या फरशीपाशी तडा दिसला होता. दानेश्वरीनं ऐकलं नाही म्हणून त्यानं आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, मी इंजिनीअरला कळवतो. कळवलं नाही. बुधवारी पहाटे टाक्यातला चुना घेतला, जुन्या गिलाव्याची धूळ मिसळून रंग जुळवला आणि उघड्या हातांनी, घाईघाईत, तडा बुजवला. गवंडी आधी हाताला तेल चोळतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, चुन्यानं बोटं पोळली. सहा वाजले, तसेच जाऊन घंटा वाजवली.

"ट्रस्टला तडा कळला असता तर रविवारची वाट बघितली नसती," आण्णा म्हणाले. "पाडलं असतं. मला वाटलं, एकदा पेशंट आत बसले की मग कुणाची छाती नाही पाडायची. मग गुपचूप दुरुस्त करू. भीमा ऐकेना. मी त्याला म्हणालो, चर तू खणलास, पोलीस तुलाच धरतील. घाबरला बिचारा. तरी मला त्याच्या तोंडाची खात्री नव्हती. म्हणून भंडारा उचलायला लावला. ती माणसं शपथ मोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं."

"आणि आज बारा माणसं आत होती," दानेश्वरी म्हणाली.

"मला दिसली नाहीत, मुली. प्रभूशपथ दिसली नाहीत."

"दिसली असती तर?"

आण्णा ओट्यावर खाली बसले.

शिवानंदनं ओळंब्याच्या मागं हात घालून बघितला, आणि त्याचा चेहरा पडला. "चर मी सांगितला होता," तो म्हणाला. "पाया एवढा उथळ असेल हे बघायला थांबलो नाही." लाकडी टेकू आणायला त्यानं टेम्पो पाठवला. पण टेम्पो यायच्या आत, सव्वातीन वाजता, आवारात सगळे उभे असताना, पश्चिमेची भिंत आधी मधूनच वाकली आणि मग डोक्याकडून खाली आली. घंटा दगडांत आदळली, एकच टोल झाला. धुरळा खाली बसायला बराच वेळ गेला. बारा खुर्च्यांपैकी एकही दिसत नव्हती.

मथुराबाई आवारातल्या लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दानेश्वरीला थंडी वाजून आल्यासारखं झालं, मार्चच्या उन्हात. महेश्वरीबाईंनी आपल्या लाल हातांनी तिला धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी शिवबाईनं भीमाच्या पुतण्याचा, सोमेशचा, नंबर शोधला. भीमा सांगोल्याकडच्या वस्तीवर मेंढरांत जाऊन बसला होता. फोनवर त्याचा आवाज आला.

"ताई, म्या शबूद काढला न्हाय. आन पाळलीया."

"हो भीमाकाका. पाळलीत. आणि तेवीस माणसं जिवंत आहेत." बारा पेशंट, त्यांच्यासोबतची माणसं, ती स्वतः, सगळी तिनं हिशेबात धरली होती.

आण्णा स्वतःच्या पायांनी ट्रस्टकडे गेले आणि सगळं सांगून आले. परत आले ते चॅपेलची किल्ली दानेश्वरीच्या हातात ठेवायला. माफ केलं असं तिला म्हणवेना, आणि त्यांना जा असंही म्हणवेना. पुढं कधीतरी लोकांनी बघितलं की आण्णा चुन्याची घमेली वाहून भीमाला देतायत, हाताला तेल चोळून. पण ती नंतरची गोष्ट.

रविवारी केंद्र सुरू झालं. अटीत तारीख लिहिली होती, छप्पर लिहिलं नव्हतं. आवारातल्या लिंबाखाली महेश्वरीबाईंच्या शेडमधून आणलेल्या खुर्च्या मांडल्या, शेडमधलं बाथरूम त्यांनी पेशंटांना उघडून दिलं. नव्या पाटीवर विरुपाक्षकाकांनी मोठ्या अक्षरात 'या, बसा' लिहून ती झाडाला टांगली. मागं चॅपेलच्या तीन भिंती उभ्या होत्या आणि चौथीच्या जागी आभाळ होतं.

अकराच्या सुमाराला फाटकातून भीमा आत आला. कपाळाला भंडारा, खांद्यावर घोंगडं. गर्दी बघून तो कडेलाच उभा राहिला. दानेश्वरीभोवती पाहुणे होते, हातात हार होते, फोन वाजत होता. तिनं हार महेश्वरीबाईंकडे दिले, फोन बंद केला आणि एक खुर्ची ओढून भीमासमोर ठेवली. दुसरीवर स्वतः बसली.

"बसा भीमाकाका. मंगळवारी काय सांगत होता?"

भीमा गोंधळला. "आता काय सांगायचं, ताई? पडली की भिंत. समद्यांस्नी ठाव हाय."

"तरी सांगा. पहिल्यापासून. मी ऐकतेय."

भीमानं घोंगडं मांडीवर घेतलं, घसा साफ केला आणि सांगायला लागला. बराच वेळ सांगत होता. ती मध्ये एकदाही बोलली नाही.